वाहक विषाणू : भय किती, भरवसा किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकीच एकीने उभे राहून एखाद्या उपयोगी विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर या जागेवरून परसबागेवर, बचतगटाच्या हिशोबावर, मुलींच्या शिक्षणावर बोलणे झाले. यंदा माझ्या वाट्याला आलेला विषय जरा अवघड आहे. विषाणूच्या पाठीवर औषध लादून ते माणसाच्या शरीरात पाठवतात, ही गोष्ट कितपत निर्धोक आहे, हा तो विषय.

हा विषय मंडळाने उगाच निवडलेला नाही. मागे बाळांच्या लशीच्या दिवशी दोन-तीन तरुण आया अंगणवाडीच्या दारातून माघारी गेल्या, हे आपण पाहिले. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "कोरोनाच्या लशीने रक्तात गाठी होतात, माणूस उभ्या उभ्या पडतो, असे मोबाईलवर आले आहे. आता आम्हाला कोणतीच सुई नको." कोरोनाच्या एका लशीबद्दलचे भय गोवराच्या आणि घटसर्पाच्या लशीवर जाऊन बसले. त्याची किंमत मोठ्या माणसांना नव्हे, तान्ह्या लेकरांना मोजावी लागेल. म्हणून या भयात खरे किती आणि खोटे किती, हे निवडून पाहणे जरूर आहे. सुपात धान्य घेतले की आपण दाणा ठेवतो, खडा टाकतो आणि फोल उडवून देतो. तसेच हे करायचे आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेली. परंतु माझी मुलगी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिच्याकडून रोज संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर थोडे थोडे समजून घेतले, डॉक्टरीणबाईंना विचारले आणि वहीत टिपून ठेवले. जे पक्के समजले तेवढेच इथे आणले आहे.

विषाणू म्हणजे काय?

विषाणू आपल्याला नवा नाही. पपईची पाने आकसून पिवळी पडली की शेतात गेलेला माणूस घरी येऊन सांगतो, "बागेला व्हायरस आला." कंदरच्या बाजूला केळीवाल्यांना तो ठाऊक आहे. २०२२ साली लम्पी आला आणि गोठ्यातल्या गाईंच्या अंगावर गाठी उठल्या, तोही विषाणूच.

विषाणूला स्वतःचे घर नसते. एकट्याने त्याला पिल्ले घालता येत नाहीत. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडे ठेवते आणि कावळीण ते आपलेच समजून उबवते, तसा विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडून स्वतःची पिल्लावळ वाढवून घेतो. पेशीत शिरण्याची ही कला त्याच्याइतकी दुसऱ्या कोणालाच येत नाही. शास्त्रज्ञांनी विचार केला की, ह्याचे घरात शिरण्याचे कसब ठेवावे, पिल्ले घालण्याची शक्ती काढून घ्यावी आणि त्या मोकळ्या जागी आपल्याला हवा तो निरोप भरावा. असा निरोप वाहून नेणारा विषाणू तो वाहक विषाणू.

मी मुलीला विचारले, "गारुड्याने नागाचे दात काढले, तरी ते पुन्हा येतात. ह्या विषाणूची शक्ती परत आली तर?" ती म्हणाली, "दात काढले आणि मुळे ठेवली, असे ते नाही. पिल्ले घालण्याची शिकवणच त्याच्या आतून कापून टाकलेली असते. कारखान्यात ज्या खास पेशींवर तो वाढवतात, त्या पेशींमध्ये तेवढा तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणून तिथे तो वाढतो. आपल्या अंगात तो तुकडा नाही, म्हणून इथे तो वाढू शकत नाही." तरीही तयार मालात एखादा वाढणारा विषाणू राहिला नाही ना, याची तपासणी करावीच लागते, असेही तिने सांगितले. डाळ कितीही स्वच्छ असली तरी आपण ती निवडतोच.

आपल्या दंडात काय गेले?

आपल्यापैकी बहुतेकींनी हा वाहक विषाणू अंगात घेतलेला आहे. कोविशिल्ड ही लस तीच. ती इंग्लंडात ऑक्सफर्डच्या विद्यापीठात आणि अॅस्ट्राझेनेका कंपनीत तयार झाली व आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात लसीकरण सुरू झाले. त्यात दिलेल्या लशींपैकी फार मोठा भाग कोविशिल्डचा होता.

ह्या लशीतला वाहक म्हणजे चिंपांझी माकडाला सर्दी-पडसे आणणारा एक विषाणू. माकडाचा का घेतला? माणसाच्या सर्दीचा घेतला असता, तर आपल्यातल्या पुष्कळांच्या अंगात त्याच्याविरुद्ध पहारा आधीच तयार असता आणि पाहुणा दारातच मारला गेला असता. दुसऱ्या प्राण्याच्या दुखण्यातून लस काढणे ही चाल जुनी आहे. लम्पीच्या साथीत आपल्या गाई-बैलांना जी लस टोचली, ती शेळ्यांच्या देवीची होती.

ह्या माकडाच्या विषाणूत कोरोनाच्या अंगावरच्या काट्याची शिकवण भरली होती. आपल्या पेशींनी थोडे दिवस तो काटा बनवला, शरीराच्या शिपायांनी चोराचा चेहरा ओळखून ठेवला आणि काम संपले. "आपले जनुक बदलले," असे जे म्हणतात त्याला आधार नाही. हा विषाणू पेशीच्या गाभ्यापर्यंत आपला निरोप नेतो हे खरे, पण तो निरोप आपल्या जनुकांच्या वहीत शिवला जात नाही. सुट्या चिठ्ठीसारखा तो बाजूला राहतो आणि पुढे ती पेशी संपली की तोही संपतो.

पाळीबद्दलही बायका कुजबुजत विचारतात, म्हणून उघड सांगते. कोरोनाच्या लशींनंतर पाळी थोडी पुढेमागे झाल्याचे देशोदेशीच्या पुष्कळ स्त्रियांनी सांगितले. अभ्यासात हे फरक थोडे आणि तात्पुरते आढळले. लशीने मूल होत नाही, हे मात्र खोटे.

भयातला खरा खडा

आता सुपातला खडा दाखवते. "लशीने गाठ होतेच कशी? सारे खोटे!" असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे होणार नाही.

ह्या लशीनंतर फार थोड्या माणसांच्या रक्तात गाठी झाल्या आणि त्याच वेळी प्लेटलेट उतरल्या. प्लेटलेट हा शब्द डेंग्यूमुळे आपल्या घरोघरी पोचला आहे. रक्त गोठवणारे ते कण. ते कमी झाले तर रक्त वाहावे. पण ह्या विकारात ते कमी होतात आणि गाठीही होतात, अशी उलटी गत असते. आपल्या रक्तात एक प्रथिन असते. वाहक विषाणूच्या अंगाला ते चिकटते आणि एखाद्याच्या शरीराचे शिपाई गोंधळून त्या घरच्याच प्रथिनावर चालून जातात, असे संशोधकांना आढळले. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये युरोपात हे लक्षात आले.

आपल्या देशाच्या समितीने मे २०२१ मध्ये आकडा जाहीर केला. तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ घटना अशा गाठींच्या असाव्यात आणि त्या सर्व कोविशिल्डनंतरच्या होत्या. हे प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ म्हणजे एक कोटी डोसांमागे सुमारे सहा. त्याच निवेदनात ब्रिटनचे प्रमाण दहा लाखांमागे ४ आणि जर्मनीचे १० असे दिले होते. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून प्रत्येक घटना कळवली जातेच असे नाही, हे ध्यानात ठेवून आपला आकडा वाचावा. कितीही धरला तरी तो लहानच राहतो. परंतु ज्या घरात ती एक घटना घडली, त्या घराला तो लहान नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा गवगवा झाला. ब्रिटनच्या न्यायालयात कंपनीने लिहून दिले की, अत्यंत क्वचित अशा गाठी होऊ शकतात. मे महिन्यात तिने लस बाजारातून काढून घेतली. लोकांना वाटले, चोरी आता उघडी पडली. वास्तविक ही गोष्ट २०२१ पासून जाहीर होती आणि सीरमने डिसेंबर २०२१ पासूनच कोविशिल्ड बनवणे थांबवले होते. बातमी जुनी होती, पण मोबाईलवर ती नवी होऊन आली.

ह्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुदत. हा विकार लस घेतल्यापासून साधारण चौथ्या दिवसापासून महिना-दीड महिन्याच्या आत दिसतो. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, दम लागणे, छातीत दुखणे, पोटात सतत कळ, एका पायाला सूज, सुई टोचली तिथून दूर अंगावर बारीक लाल-निळे ठिपके, ही त्याची लक्षणे. दोन-तीन वर्षांनी तो एकाएकी उगवत नाही. आज आपल्यापैकी कोणीही त्या लशीच्या गाठीची वाट पाहत झोप घालवू नये.

माझ्या जाऊबाईंची गोष्ट सांगते. त्यांच्याच परवानगीने सांगते आहे. त्यांचे मालक, म्हणजे माझे धाकटे दीर, २०२३ साली उसाच्या फडावरून आले, पाणी मागितले आणि तांब्या हातात घेण्याआधीच गेले. वय अडतीस. २०२१ मध्ये ते लस घ्यायला तयार नव्हते. जाऊबाईंनीच हट्ट धरून त्यांना आरोग्य केंद्रात नेले होते. २०२४ ला ती बातमी आली आणि ह्या बाईने अन्न सोडले. "मीच त्यांना नेले, मीच मारले," एवढेच त्या बोलत. कोणी समजावायला जावे तर भिंतीकडे तोंड करून बसत.

तेव्हा मुलीने शोधून आणलेली माहिती मी त्यांना वाचून दाखवली. आपल्या देशाच्या वैद्यक संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. १८ ते ४५ वयाची धडधाकट दिसणारी जी माणसे एकाएकी गेली, त्यांची तुलना तशाच जिवंत माणसांशी केली. तो अभ्यास नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीने अशा मृत्यूचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो पूर्वी कोरोनाने रुग्णालयात राहिलेल्यांत, घराण्यात असा एकाएकी मृत्यू झालेल्यांत, अलीकडे अतिरेकी दारू प्यालेल्यांत आणि एकदम फार कष्टाचे काम केलेल्यांत. आमचे सासरेही असेच बसल्या जागी गेले होते. हे ऐकून जाऊबाई पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरांची छाती तपासून घ्यायला हवी." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दोन्ही मुलांना टेंभुर्णीला नेऊन हृदयाची तपासणी करून आणली. खोट्या भयाने ह्या बाईला भिंतीकडे तोंड करून बसवले होते. खऱ्या माहितीने तिला उठवून कामाला लावले. ह्या एका गोष्टीसाठीसुद्धा माझी तयारी सार्थकी लागली, असे मला वाटते.

लस वेगळी, जनुकाचा उपचार वेगळा

आता पुढचा भाग. वाहक विषाणू लशीपुरतेच नाहीत. काही मुले जन्मतःच एखाद्या जनुकातली चूक घेऊन येतात. चांगल्या जनुकाची प्रत वाहक विषाणूच्या पाठीवर घालून शरीरात पाठवावी, ह्याला जनुकोपचार म्हणतात.

लस आणि हा उपचार यांत मोठा फरक आहे. लशीत आपल्याला गलबला हवाच असतो. शिपायांनी जागे व्हावे म्हणूनच ती द्यायची. जनुकोपचारात वाहकाने गुपचूप आत जाऊन काम करावे लागते. शिपाई जागे झाले तर औषधही मारले जाते आणि त्या मारामारीत घरही जळू शकते. शिवाय लशीत वाहक थोडा लागतो, उपचारात फार मोठ्या संख्येने लागतो. म्हणून एकाच्या सुरक्षिततेवरून दुसऱ्याची सुरक्षितता ठरवू नये.

हे सर्वांत आधी कळले ते फुप्फुसावरून. परदेशांत एक वंशपरंपरागत आजार पुष्कळ आढळतो. त्यात छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि मुलाचा घाम नेहमीपेक्षा खारट लागतो. सिस्टिक फायब्रोसिस असे त्याचे नाव. आई-बाप दोघांत दोषाची एकेक प्रत लपलेली असेल तर दर बाळंतपणात चारांत एक अशी भीती असते. आपल्याकडे हा नसतोच अशी समजूत होती. पण तो आहे, ओळखला कमी जातो. त्याचे जनुक १९८९ साली सापडले आणि चारच वर्षांनी, एप्रिल १९९३ मध्ये, अमेरिकेत सर्दीच्या विषाणूवरून चांगले जनुक रुग्णाच्या नाकात व फुप्फुसात सोडले गेले. त्या प्रयोगात जास्त मात्रा मिळालेल्या एका रुग्णाला ताप आला, फुप्फुसाला सूज आली. तो पुढे बरा झाला. पण मात्रा बेताने वाढवायची, हा धडा मिळाला.

फुप्फुस अवघड का? वरवर पाहता ते सोपे वाटते. तोंडाने वाफ ओढावी तसे औषध ओढले की झाले. परंतु देवाने तिथे कडेकोट बंदोबस्त ठेवला आहे. श्वासाबरोबर दिवसभर धूळ, धूर, जंतू येत असतात. त्यांना अडवायला आत कफाचा लेप असतो आणि त्याखाली केसांसारखे बारीक झाडू अहोरात्र कचरा वर लोटत असतात. हा झाडू औषधाच्या विषाणूलाही केर समजून बाहेर लोटतो. आत गेलाच तर शिपाई त्याला ओळखून ठेवतात. त्या नळ्यांच्या आतल्या पेशी काही काळाने झडून नव्या येतात, म्हणजे औषध पुन्हा द्यावे लागते. आणि पुन्हा द्यावे तर शिपाई आता काठी घेऊन दारातच उभे! पुढे दुसऱ्या, सौम्य जातीच्या विषाणूवरून असेच जनुक वाफेने अनेक रुग्णांना दिले. फारसा अपाय झाला नाही. पण गुणही आला नाही.

ब्रिटनमधील संशोधकांनी अलीकडे आणखी एक युक्ती केली आहे. पेशीच्या वहीत कायमचे पान शिवू शकणाऱ्या एका वाहकाला त्यांनी उंदरांच्या श्वासाच्या आजाराच्या विषाणूचा अंगरखा चढवला आहे, म्हणजे त्याला फुप्फुसाच्या पेशीत शिरणे सोपे जावे. त्याच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी फुप्फुसासाठी घरोघर वापरावा असा जनुकोपचार अजून तयार नाही.

हे मी मुद्दाम सांगते. चुलीच्या धुराने, पाचट जाळल्याच्या धुराने आपल्या कितीतरी बायकांची छाती भरते. उद्या कोणी दारात येऊन म्हणेल, "दम्यावर, जुन्या खोकल्यावर जीनची सुई आली आहे, इतके हजार द्या." तर त्याला चहाही देऊ नका. दम्याला फवाऱ्याचे औषध आहे, क्षयाला सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या आहेत आणि धुरावर उपाय म्हणजे स्वयंपाकघराला धुराडे किंवा गॅस. आजच्या घडीला हेच खरे.

चुका ज्यांनी मोजल्या

ह्या विद्येत चुका झाल्या आणि त्यांची किंमत लेकरांनी दिली. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेत जेसी गेल्सिंगर नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला यकृताच्या विकारासाठी सर्दीचा वाहक विषाणू फार मोठ्या मात्रेत दिला. चार दिवसांनी तो गेला. चौकशीत निघाले की, आधीच्या प्रयोगांत माकडे दगावली होती, हे संमतीच्या कागदात त्याला सांगितलेले नव्हते. २००२ पासून फ्रान्समध्ये दुसरे संकट दिसले. प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांना ज्या वाहकाने बरे केले, त्याने चांगले पान वहीत चुकीच्या जागी शिवले आणि त्यातल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. २०२२ साली स्नायू गळण्याच्या आजारावरचे एक इंजेक्शन दिल्यावर रशिया आणि कझाकस्तानात दोन मुले यकृत निकामी होऊन गेली.

हे शेवटचे इंजेक्शन आपल्या महाराष्ट्रालाही ठाऊक आहे. सोळा कोटींचे इंजेक्शन म्हणून वर्तमानपत्रांत आले होते ते हेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईच्या एका तान्ह्या मुलीला लोकांनी वर्गणी काढून ते मिळवून दिले. ते दिल्यावर आठवडेच्या आठवडे यकृताची तपासणी करावी लागते. म्हणजे सुई टोचली की काम संपले, असे नाही. खरी राखण त्यानंतर सुरू होते.

पण प्रत्येक चुकीनंतर वाहक सुधारत गेले, हेही सांगितले पाहिजे. पवईच्या आय. आय. टी. मधील शास्त्रज्ञांनी आणि टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर एक उपचार तयार केला. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, सुधारलेल्या वाहक विषाणूकडून त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचे आणि परत त्याच्या अंगात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मुंबईत त्याचे उद्घाटन केले. वेल्लोरच्या रुग्णालयाने रक्त न थांबण्याचा आजार असलेल्या पाच जणांना अशाच मार्गाने रक्तस्रावातून सोडवल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. अशा रुग्णांवर पुढे वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते, कारण शिवलेले पान कुठे शिवले गेले ते कालांतराने कळते.

आपण काय करावे?

भगिनींनो, आपण धरणाकाठच्या बायका. १९८० साली उजनी पुरे झाले. भीमेकाठची आपली काळी जमीन, देवळे, पिंपळाचे पार पाण्याखाली गेले. आमच्या आजेसासऱ्यांनी कागदावर अंगठा उठवला, पण त्या कागदात काय लिहिले आहे हे त्यांना कोणी वाचून दाखवले नाही. त्या धरणाने सोलापूर जिल्ह्याची तहान भागवली, ऊस आणि केळी पिकवली, हे खरे. ज्यांचे गाव बुडाले त्यांचे दुःखही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे आपल्याइतके कोणाला समजावे?

लशीचेही तसेच आहे. लाखोंचा जीव वाचतो आणि क्वचित एखाद्या घरावर घाला येतो. तो घाला नाकारू नये. ज्या घराने सर्वांच्या भल्याची किंमत भरली, ते घर प्रकल्पग्रस्तच समजावे. ब्रिटनमध्ये लशीने अपाय झालेल्यांना सरकारी मदत देण्याचा कायदा १९७९ पासून आहे. आपल्या देशातही मुले गमावलेले आईबाप भरपाईसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढले आहेत. अशा घरांची विचारपूस आपण केली, तर बाकीच्यांचा लशीवरचा भरवसा वाढेल. दुःख झाकून ठेवल्यानेच अफवांना पाय फुटतात.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, कोणत्याही नव्या औषधाच्या किंवा चाचणीच्या कागदावर सही करण्याआधी तो मराठीत वाचून घ्यावा. आधी कोणाला अपाय झाला का, झाला तर काय, नंतर किती दिवस तपासणी, रात्री-अपरात्री कोणाकडे जायचे आणि मध्येच नको म्हणता येईल का, हे पाच प्रश्न विचारावेत. विचारण्यात लाज कसली? दुसरी, लशीचे कार्ड आणि तारीख जपून ठेवावी. तिसरी, लशीनंतर काही विपरीत वाटले तर आशाताईला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. औषधाचा अपाय कळवायला १८००-१८०-३०२४ हा फुकटचा सरकारी दूरध्वनीही आहे. आपण कळवले नाही तर आकडा खोटा राहील आणि मग आकड्यावर विश्वास नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही. चौथी, मोबाईलवरची बातमी पुढे पाठवण्याआधी तीत साल कोणते, आकडा कितीचा आणि सांगणारा कोण, एवढे पाहावे.

आणि बाळांच्या लशी चुकवू नयेत. बीसीजी, गोवर, घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, ह्या लशींत हा वाहक विषाणू नाही. त्यांची रीत वेगळी आणि त्यांचा अनुभव कितीतरी जुना. एका सुईचे भय दुसऱ्या सुईवर टाकणे म्हणजे एका विहिरीचे पाणी गढूळ निघाले म्हणून सारे पाणवठे सोडणे होय.

येत्या बुधवारी अंगणवाडीत लसीकरण आहे. ज्या आया माघारी गेल्या, त्यांच्या घरी मंडळाच्या दोघी-दोघींनी जावे, असे मी सुचवते. रागावू नये, उपदेश करू नये. त्यांचे भय ऐकून घ्यावे, त्यातला खरा खडा मान्य करावा आणि मग बाकीचे फोल फुंकर मारून उडवावे.